राउटरवर फिल्टर लावायचा, आणि तो खरंच लागलाय का तेही बघायचं

राउटरवर, म्हणजे घरात वायफाय देणाऱ्या डब्यावर, नको त्या साईट अडवणारा फिल्टर लावणं हे दहा मिनिटांचं काम आहे आणि तो लागलाय की नाही हे बघणं हे अख्ख्या संध्याकाळचं, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. पहिल्यांदा लावला तेव्हा लॅपटॉपवर एक नको ती साईट उघडून बघितली, उघडली नाही, म्हटलं झालं काम आणि झोपले. दोन दिवसांनी तीच साईट टॅबलेटवर धडधडीत उघडली. रिफ्रेश केलं तर बंद, परत रिफ्रेश केलं तर चालू. म्हटलं राउटरला वेड लागलं का काय. राउटर शहाणाच होता, घोळ मी घातला होता, कुठला ते पुढे येईलच.

तर आधी राउटरच्या आत शिरायचं. त्यासाठी त्याचा पत्ता लागतो, तो बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, पण अंदाज करत बसू नका. विंडोजवर कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग (ipconfig) एवढा एकच शब्द जोडून टाईप करा, डिफॉल्ट गेटवेसमोर जो आकडा येतो तो. अँड्रॉइडवर वायफायच्या सेटिंगमध्ये आपल्या नेटवर्कवर टॅप केलं की गेटवे दिसतो, आयफोनवर नेटवर्कसमोरच्या गोल आय वर टॅप केलं की राउटर म्हणून दिसतो. तो आकडा ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकायचा. (मी इथे सगळे आकडे मराठीत लिहितेय, राउटरमध्ये टाकताना अर्थातच इंग्रजी आकडे टाका, नाहीतर तो नुसता लाल चौकट दाखवत बसेल.) जमलं तर लॅपटॉप केबलने जोडून बसा, कारण सेटिंग सेव्ह केलं की वायफाय मध्येच तुटतं आणि सेव्ह झालं की नाही तेच कळत नाही.

आत गेल्यावर युजरनेम पासवर्ड मागेल. राउटरच्या बुडाखाली स्टिकर असतो त्यावर लिहिलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेवा. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या डोक्यात गोंधळ करते, वायफायचा पासवर्ड वेगळा आणि राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड वेगळा. घरात सगळ्यांना वायफायचा माहीत असतो ते ठीक आहे, पण आतला जर अजून कंपनीने दिलेला ॲडमिन ॲडमिनच असेल तर फिल्टर लावून उपयोग शून्य, आठवीतलं पोरगं दोन मिनिटांत आत जाऊन सगळं बंद करून बाहेर येतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून सगळ्यात आधी तो बदला. त्याच चकरेत रिमोट मॅनेजमेंट (घराबाहेरून राउटरमध्ये शिरायची सोय) चालू असेल तर बंद, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय) बंद, आणि फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा, अपडेट दिसत असेल तर तो करून घ्या.

आणि हो, घरात डबे किती आहेत ते मोजा. नेट कंपनीने दिलेला एक डबा आणि तुम्ही विकत आणलेला दुसरा असं असेल तर दोन्ही वायफाय सोडत असतात. तुम्ही आपल्या नव्या राउटरवर छान फिल्टर लावता आणि पोरांचे फोन जुन्या डब्याच्या वायफायवर निवांत चालू असतात. जुन्याचं वायफाय बंद करून टाका, त्याला फक्त केबलने नेट पुढे द्यायच्या कामाला ठेवा. किंवा मग फिल्टर त्या पहिल्या डब्यावरच लावा, म्हणजे त्याच्यामागचं सगळंच त्याच्यातून जाईल.

आता फिल्टर. मेनूमध्ये पेरेंटल कंट्रोल, ॲक्सेस कंट्रोल, यूआरएल फिल्टर, वेबसाईट ब्लॉकिंग, सिक्युरिटी असल्या कुठल्याही नावाखाली हे सापडेल, प्रत्येक कंपनी वेगळं नाव ठेवते. आणि इथेच बहुतेक लोक पहिली चूक करतात, मीही केली. तिथे कीवर्ड टाकायची जागा असते, म्हणजे एखादा शब्द टाकला की तो शब्द असलेली पानं बंद. वाचायला भारी वाटतं. मी बसून चांगले पंचवीस तीस शब्द टाकले (टाकताना आजूबाजूला कोणी नाही ना बघत), आणि त्यातल्या एकाचाही काडीचा उपयोग झाला नाही.

कारण असं आहे की ही सोय जुन्या काळातली आहे, जेव्हा पानं उघडी यायची आणि राउटर ती वाचू शकायचा. आता जवळपास सगळ्या साईट एचटीटीपीएसवर असतात, म्हणजे बंद पाकीट. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र नाही. राउटरला फार तर साईटचं नाव दिसतं, त्या साईटवरचं कुठलं पान, सर्चमध्ये काय टाईप केलं, व्हिडिओ कुठला, काही म्हणजे काही दिसत नाही. त्यामुळे पूर्ण लिंक पेस्ट करून एखादं ठराविक पान बंद करणं राउटरला जमत नाही, पूर्ण साईट बंद करा नाहीतर सोडून द्या. कीवर्ड टाकलाच तर तो साईटच्या नावात असेल तरच चालायची शक्यता. चारपाच ठराविक साईट बंद करायच्यात, एखादी गेमिंगची वगैरे, तेवढ्यापुरता यूआरएल फिल्टर ठीक आहे. नको त्या सगळ्या साईट एकेक करून टाकायला जाल तर म्हातारपण येईल, आणि बऱ्याच राउटरवर त्या यादीला मर्यादाही असते.

म्हणून खरं काम डीएनएसवर करायचं. डीएनएस म्हणजे साधं सांगायचं तर नेटची फोन डिरेक्टरी, तुम्ही नाव टाकता, ती आकड्यातला पत्ता देते, मग ब्राउझर तिकडे जातो. नेहमी ही डिरेक्टरी नेट कंपनीची असते. आपण तिच्या जागी अशी डिरेक्टरी लावायची जी नको त्या साईटचा पत्ताच देत नाही. याद्या ठेवायचं, रोज नवीन साईट त्यात घालायचं काम ते लोक करतात, आपल्याला फुकट. घरासाठी मला माहीत असलेल्या या:

क्लाउडफ्लेअरची फॅमिली सेवा, १.१.१.३ आणि १.०.०.३. ही २०२० च्या १ एप्रिलला आली, एप्रिल फूल नाही. व्हायरसवाल्या आणि अडल्ट, दोन्ही साईट अडवते. फक्त व्हायरसवाल्याच अडवायच्या असतील तर १.१.१.२ आणि १.०.०.२.

ओपनडीएनएस फॅमिलीशील्ड, २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. खूप जुनी सेवा आहे.

क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर, १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८. हा जरा कडक आहे, सर्चमध्ये सेफ सर्च आपोआप चालू करतो आणि फिल्टर चुकवायला वापरतात त्या प्रॉक्सी आणि व्हीपीएनच्या साईटही अडवतो.

ॲडगार्डचा फॅमिलीवाला, ९४.१४०.१४.१५ आणि ९४.१४०.१५.१६. हा जाहिरातीही बऱ्याच अडवतो आणि सेफ सर्चही लावतो.

लहान मुलं असतील तर सेफ सर्च लावणारा घ्या, कारण नको ती साईट बंद असली तरी सर्चच्या इमेज टॅबमध्ये जे दिसतं ते सर्च इंजिनच्याच पत्त्यावरून येतं, ते साईट अडवून थांबत नाही. मोठ्यांचंच घर असेल आणि फक्त फसव्या साईटपासून वाचायचं असेल तर १.१.१.२ किंवा क्वाडनाईनचा ९.९.९.९ पुरे, उगाच सगळ्यांना कडक फिल्टरखाली ठेवायचं काही कारण नाही.

हे आकडे टाकायच्या जागा दोन असतात आणि दोन्ही बघायच्या. एक वॅन किंवा इंटरनेट सेटिंगमध्ये, तिथे ऑटोमॅटिक डीएनएस असं काहीतरी निवडलेलं असतं ते काढून मॅन्युअल करायचं. दुसरी लॅन किंवा डीएचसीपी सर्व्हर या पानावर, इथे जे लिहाल ते राउटर घरातल्या प्रत्येक फोनला वाटतो. नेट कंपनीच्या डब्यात पहिली जागा कधी कधी कुलूप लावलेली असते, राखाडी रंगाची, क्लिकच होत नाही. तर वैतागू नका, डीएचसीपीवाली जागा बहुतेक वेळा मोकळी असते, तिथे टाका.

आता माझा घोळ. तिथे प्रायमरी आणि सेकंडरी असे दोन रकाने असतात. प्रायमरीत मी फॅमिलीचा १.१.१.३ टाकला आणि सेकंडरीत म्हटलं गुगलचा ८.८.८.८ असू दे, कधी पहिला बंद पडला तर दुसरा कामाला येईल. सेकंडरी म्हणजे स्टेपनी असं माझ्या डोक्यात. पण तसं नसतं. कुठला फोन कधी कुठल्याला विचारेल याचा काही नेम नाही, काही राउटर दोघांनाही विचारतात आणि ज्याचं उत्तर आधी आलं ते घेतात. त्यामुळे एकदा फिल्टरवाल्याला विचारलं की साईट बंद, एकदा गुगलला विचारलं की चालू, तेच ते रिफ्रेशचं वेड. दोन्ही रकान्यात एकाच सेवेच्या एकाच फिल्टरचे आकडे पाहिजेत. दुसरा आकडा माहीत नसेल तर पहिलाच परत टाका, राउटर घेत असेल तर, पण बाहेरचा टाकू नका.

सेव्ह केल्यावर लगेच बघायला गेलात तर काही बदललेलं दिसणार नाही, कारण फोनकडे जुनाच डीएनएस असतो. वायफाय बंद चालू करा किंवा सरळ राउटर रीस्टार्ट करा. लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि फ्लशडीएनएस (ipconfig /flushdns), म्हणजे आधीचे लक्षात ठेवलेले पत्ते जातील. ब्राउझरही स्वतःजवळ थोडं लक्षात ठेवतो, तोही पूर्ण बंद करून उघडा.

यानंतर जे आहे ते लोक करत नाहीत आणि मग म्हणतात फिल्टर कुचकामी आहे.

पहिली चोरवाट, आयपीव्ही६, म्हणजे नेटवरच्या आकडी पत्त्यांची नवी पद्धत. आत्तापर्यंत आपण जे आकडे टाकले ते सगळे जुन्या आयपीव्ही४ चे. बऱ्याच ठिकाणी आता नेट कंपनी सोबत आयपीव्ही६ पण देते आणि त्याचा डीएनएस वेगळा येतो, राउटर तोही घरातल्या फोनना वाटत राहतो, आणि फोन त्यालाही विचारतात. म्हणजे पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं सताड उघडं. राउटरमध्ये आयपीव्ही६ चं वेगळं पान असतं, तिथेही डीएनएस बदलायचा. क्लाउडफ्लेअरच्या फॅमिलीचे आकडे २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३, मधल्या दोन दोन टिंबांसकट असेच टाकायचे. तुमच्या राउटरवर ते बदलता येत नसेल तर आयपीव्ही६ बंद करून बघा, घरचं नेमकं काही अडलं नाही तर तसंच राहू द्या. मला हा उपाय मनापासून आवडत नाही, पण अर्धवट फिल्टरपेक्षा बरा.

दुसरी चोरवाट फोनमध्येच असते. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस नावाचा पर्याय आहे. तो ऑटोमॅटिकवर असेल तर काही बिघडत नाही, फोन तुम्ही दिलेल्याच डीएनएसशी गुप्तपणे बोलायचा प्रयत्न करतो. पण तिथे कोणी दुसऱ्या सेवेचं नाव टाकलं तर फोन राउटरने दिलेल्या डीएनएसकडे ढुंकूनही बघत नाही. क्रोम आणि फायरफॉक्समध्येही सिक्युअर डीएनएस किंवा डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस असं सेटिंग असतं. क्रोम आपणहून फार आगाऊपणा करत नाही, ऑटोमॅटिकवर तो त्याच सेवेचा सुरक्षित मार्ग वापरतो, म्हणजे फॅमिलीचा असेल तर फॅमिलीचाच. पण तिथे जाऊन कोणी हाताने दुसरी सेवा निवडली की झालं.

यावर राउटरकडून काय करता येतं, तर फायरवॉल किंवा ॲक्सेस कंट्रोलमध्ये पोर्टवर (पोर्ट म्हणजे नेटवरच्या ये-जाचे नंबर दिलेले दरवाजे) नियम लावता येत असतील तर दोन नियम लावा. पोर्ट ५३, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही, आपल्या फिल्टरच्या आकड्यांशिवाय बाहेर कुठेही जायला बंद. आणि पोर्ट ८५३, ज्यावरून तो प्रायव्हेट डीएनएस सहसा चालतो, पूर्ण बंद. ५३ च्या नियमात आधी परवानगीवाली ओळ आणि खाली बंदीवाली ओळ असा क्रम ठेवा, बरेच राउटर वरून खाली वाचत येतात आणि पहिली जुळली तिथेच थांबतात, मी एकदा उलटं लावलं आणि अख्ख्या घराचं नेट गेलं. ८५३ बंद केल्याची गंमत अशी की ज्याने गुपचूप प्रायव्हेट डीएनएसमध्ये दुसरं नाव टाकलंय त्याच्या फोनवर बहुतेक वेळा नेटच चालत नाही, मग तो स्वतःच येतो विचारायला. आमच्याकडे लेक आला, "आई, फक्त माझ्याच फोनवर नेट येत नाहीये." मी म्हटलं, दाखव बरं सेटिंग. चेहरा बघण्यासारखा झाला होता.

ब्राउझरमधला डीएनएस मात्र पोर्ट ४४३ वरून जातो, म्हणजे बाकी सगळं वेब जिथून जातं तिथूनच, तो पोर्ट बंद करता येत नाही. त्या सेवांची नावं यादीत टाकून अडवता येतं, पण सगळी नाही सापडत. लहान मुलांच्या फोनवर ते सेटिंग फोनच्याच पेरेंटल कंट्रोलने लॉक करणं जास्त सोपं. आयफोनवर कोणी आयक्लाउडचा पैसे भरून मिळणारा प्लॅन घेतला असेल तर प्रायव्हेट रिले म्हणून एक प्रकार असतो, सफारीची सगळी ये-जा त्यातून जाते आणि फिल्टर बाजूला राहतो. त्यासाठी मास्क डॉट आयक्लाउड डॉट कॉम (mask.icloud.com) आणि मास्क-एच२ डॉट आयक्लाउड डॉट कॉम (mask-h2.icloud.com) ही दोन नावं ब्लॉक करा, फोन स्वतःच सांगतो की या नेटवर्कवर प्रायव्हेट रिले चालणार नाही.

आता वेळापत्रक आणि कुणाच्या फोनला काय. आत्तापर्यंतचं सगळं अख्ख्या घराला लागू झालं. पण आपल्याला पाहिजे असतं की लेकाचा टॅब रात्री साडेनऊला बंद व्हावा आणि माझा लॅपटॉप चालू राहावा. राउटर फोन ओळखतो तो मॅक ॲड्रेसवरून, बारा आकडे अक्षरांचा तो नंबर, जोडीजोडीने टिंबं देऊन लिहिलेला. पेरेंटल कंट्रोलमध्ये डिव्हाइसची यादी येते, त्यातून टॅब निवडायचा, वेळ द्यायची, सेव्ह. पण यादीत कोण कोण आहे हे ओळखणं हीच एक परीक्षा. निम्म्या ठिकाणी नुसतं अननोन लिहिलेलं असतं. मी सरळ सगळ्यांचं वायफाय बंद करायला लावलं आणि मग एकेक चालू करत गेले, जो नवा दिसला त्याला नाव दिलं, बाबांचा फोन, टीव्ही, प्रिंटर असं करत. यात अर्धा तास गेला पण नंतर फार सोपं पडतं.

आणि इथेच पुढचा खड्डा. अँड्रॉइड १० पासून आणि आयओएस १४ पासून फोन स्वतःचा खरा मॅक ॲड्रेस देतच नाहीत, एक खोटा बनवून देतात. एरवी चांगली गोष्ट आहे ती, बाहेरच्या वायफायवर कोणी मागावर राहू नये म्हणून. सहसा एका नेटवर्कला एकच खोटा नंबर राहतो, पण काही फोनवर नेटवर्क फरगेट करून परत जोडलं किंवा सेटिंगमध्ये बदलून खऱ्या खोट्यात अदलाबदल केली तर राउटरला वाटतं हा कोणी नवीनच पाहुणा आलाय आणि तुमचा नियम त्याला लागत नाही. घरच्या नेटवर्कपुरतं ते बंद करता येतं, आयफोनवर प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस, अँड्रॉइडवर प्रायव्हसीमध्ये रँडमाइज्ड मॅकच्या जागी डिव्हाइस मॅक. पण तुम्ही बंद केलं आणि पोराने परत चालू केलं तर? म्हणून नियम उलटा लावता येत असेल तर बघा, काही राउटरवर नवीन येणाऱ्या अनोळखी डिव्हाइसला नेट आपोआप बंद ठेवता येतं, तुम्ही हो म्हटलं की चालू.

ते नसेल तर माझा आवडता उपाय म्हणजे मुलांसाठी वेगळं वायफाय. गेस्ट नेटवर्कवर वेळापत्रक लावता येत असेल तर मुलांची सगळी डिव्हाइस त्यावर टाका आणि मुख्य वायफायचा पासवर्ड बदलून कोणाला सांगू नका. मग मॅक ॲड्रेस कितीही बदलो, दार एकच. फक्त गेस्टवरून घरचा प्रिंटर किंवा टीव्हीवर व्हिडिओ टाकणं चालत नाही बऱ्याचदा, कारण गेस्टला बाकीच्यांपासून वेगळं ठेवतात, त्याची ओरड होईल.

वेळ लावताना राउटरचं घड्याळ बघा, हे मी हात जोडून सांगते. सिस्टीम किंवा टाइम सेटिंगमध्ये टाइम झोन बरोबर आहे का आणि वेळ इंटरनेटवरून, म्हणजे एनटीपीवरून, घेतोय का. बऱ्याच राउटरमध्ये घड्याळाला बॅटरी नसते, लाईट गेली की वेळ विसरतो. माझ्याकडे वेळ मॅन्युअल टाकलेली होती. एकदा सकाळी लाईट जाऊन आली आणि टॅबचं नेट येईचना, ऑनलाइन क्लासची वेळ झालेली, लेक रडकुंडीला, मी फिल्टरची एकेक यादी काढून टाकतेय, डीएनएस बदलतेय, काही उपयोग नाही. शेवटी सहज टाइमच्या पानावर गेले तर तिथे १ जानेवारी १९७०, मध्यरात्र उलटून बारा मिनिटं. राउटरच्या हिशोबाने रात्रच होती, त्याने इमानेइतबारे नेट बंद ठेवलं होतं.

ॲपबद्दल थोडं. लोक विचारतात की यूट्यूब चालू ठेवून त्यातले वाईट व्हिडिओ राउटरवरून बंद करता येतील का, किंवा एखाद्या चॅटिंग ॲपमधला एकच ग्रुप. नाही येत. राउटरला ॲपच्या आतलं दिसत नाही, अख्खं ॲप चालू किंवा अख्खं बंद. यूट्यूबला एक वाट आहे, रिस्ट्रिक्टेड मोड डीएनएसमधून लावता येतो, वर सांगितलेला क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर ते करतो, पण मग मोठ्यांनाही तोच लागतो आणि व्हिडिओखालच्या कमेंट गायब होतात. माझ्या नवऱ्याने यावरून आठवडाभर कटकट केली. आणि अख्खं यूट्यूब बंद करायचं असेल तर नुसतं मुख्य नाव टाकून भागत नाही, व्हिडिओ गुगलव्हिडिओ डॉट कॉमवरून (googlevideo.com) येतात आणि छोटे फोटो वायटीआयएमजी डॉट कॉमवरून (ytimg.com), ती पण टाकावी लागतात.

उलटा प्रकार, म्हणजे सगळं बंद आणि फक्त यादीतलं चालू, अगदी लहान मुलाच्या टॅबसाठी ठीक आहे. पण एक साईट म्हणजे एक नाव कधीच नसतं, फोटो एका नावावरून येतात, अक्षरं दुसऱ्या, लॉगिन तिसऱ्या. शाळेची एक साईट नीट चालवायला मला यादीत नऊ नावं घालावी लागली. आणि हे लावताना स्वतःचा लॅपटॉप नियमातून आधी बाहेर काढा.

आता तपासायचं कसं. क्लाउडफ्लेअर वापरत असाल तर त्यांनी मुद्दाम तपासायला नावं ठेवलीत, न्यूडिटी डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम (nudity.testcategory.com) आणि मालवेअर डॉट टेस्टकॅटेगरी डॉट कॉम (malware.testcategory.com), त्यामुळे खरोखरची घाण साईट उघडून बघायची वेळ येत नाही. कमांड प्रॉम्प्टमध्ये एनएसलुकअप (nslookup) आणि पुढे ते नाव टाका, उत्तरात ०.०.०.० आलं तर फिल्टर चालतोय. खरा वाटणारा दुसरा कुठला आकडा आला तर कुठूनतरी गळतंय. वरच्या ओळीत उत्तर कोणी दिलं तेही दिसतं, तिथे लांबलचक आयपीव्ही६ चा अनोळखी पत्ता दिसला तर समजा मागचं दार अजून उघडं आहे. ब्राउझरमध्ये मात्र ही साईट अडवली असा सुंदर बोर्ड येईल अशी अपेक्षा ठेवू नका, साईट सापडली नाही असंच दिसतं. ओपनडीएनएस बोर्ड दाखवतो, पण एचटीटीपीएसच्या साईटवर त्याच्याआधी सर्टिफिकेटची लाल वॉर्निंग येते, ती बघून घरात कोणी घाबरलं तर आधी सांगून ठेवा.

हे घरातल्या प्रत्येक डिव्हाइसवर करायचं, फोन, टॅब, टीव्ही, गेमचं मशीन, आणि प्रत्येकावर दोन तीन वेळा रिफ्रेश करून. त्यात संध्याकाळ जाते.

चुकून चांगली साईट अडकतेच अधूनमधून, जास्त करून आरोग्याची माहिती देणाऱ्या, शरीराविषयी काही लिहिलेलं असतं म्हणून. फुकटवाल्या फॅमिली डीएनएसमध्ये एखादी साईट आपल्यापुरती सोडवायची सोय नसते, तशी पाहिजे असेल तर खातं उघडून चालवायच्या सेवा आहेत, तिथे आपली स्वतःची यादी ठेवता येते. फार वेळा अडकायला लागलं तर मी म्हणेन फिल्टर एक पायरी सैल करा, नाहीतर सगळेच मोबाईल डेटावर जातात.

कारण ते राउटरच्या हातात नाहीच. फोनने वायफाय सोडून मोबाईल डेटा चालू केला, शेजाऱ्यांच्या वायफायवर गेला, किंवा व्हीपीएन लावला, की हा सगळा खटाटोप बाजूला. व्हीपीएनच्या साईट अडवणारा फिल्टर थोडा अडसर करतो, पण आधीच डाउनलोड केलेला असेल तर बहुतेक चालतो. मुलाच्या फोनमध्ये सिम असेल तर फोनवरचं पेरेंटल कंट्रोल वेगळं लावावंच लागतं.

शेवटचं काम, राउटरच्या मागे ते बारीक भोक असतं ना, रीसेटचं. टाचणी घालून दहा सेकंद दाबलं की राउटर कारखान्यातून आला तसा होतो, ना फिल्टर ना तुमचा पासवर्ड, आणि आत जायला परत स्टिकरवरचा पासवर्ड चालतो. आमचा राउटर मी कपाटाच्या वर ठेवलाय. तसं कधी झालं तर लगेच कळतं, वायफायचं नाव बदलून कंपनीचं झालेलं दिसतं. म्हणून सगळं मनासारखं लागलं की सिस्टीम टूल्समध्ये बॅकअप आहे त्यातून सेटिंगची फाईल उतरवून घ्या, पुढच्या वेळी तीच रिस्टोअर केली की दोन मिनिटांत सगळं परत. फाईलच्या नावात तारीख टाका, आणि ती फाईल घरातल्या कॉमन लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवू नका.